वाटा लिहून घे

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, मला त्याच्याकडून काही नको, नुसती सुटका हवी." हे वाक्य मी तलाठी म्हणून सजावर बसले तेव्हापासून ऐकत आले आहे. असं म्हणून गेलेल्या बायका पुढे लेकराच्या फीसाठी, नाहीतर डोक्यावरच्या पत्र्यासाठी परत यायच्या आणि विचारायच्या, "बाई, आता काही करता येतं का?" तेव्हा करता येण्यासारखं फार थोडं उरलेलं असायचं. फोनवर सांगितलेलं रडण्यात वाहून जातं, म्हणून तुला हे लिहून पाठवते आहे. दादाला आणि वहिनीलाही वाचायला दे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घे. आपल्याकडचा कायदा पोटगी देतो, वाटा देत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याच्या कलम २४ खाली खटला चालू असताना अंतरिम पोटगी मिळते आणि कलम २५ खाली कायमची. लग्नानंतर दोघांच्या कष्टांतून उभं राहिलेलं घर, प्लॉट, दुकान यांचे दोन सारखे भाग करा, असं मात्र हा कायदा कुठेही म्हणत नाही. कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देण्याची तरतूद असलेलं एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं होतं, पण पुढे ते बारगळलं. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची धरतात आणि वेगळं होताना निम्मी निम्मी होते. सावंतवाडीची मुलगी आणि पेडण्याची मुलगी, बोली जवळजवळ तीच, पण हक्कांत एवढा फरक. जे गोव्याचा कायदा आपोआप देतो, ते आपल्याला इथे तडजोडीत मागून, लिहून, नोंदवून घ्यावं लागतं. मी पुढे जे जे सांगणार आहे, ते या एका गोष्टीपोटी.

हे मी एकटीच म्हणत नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतात बायको राबते, तर तिच्या नावावर जमीन का नको, हा साधा प्रश्न. ज्या गावात किमान शंभर घरांनी बायकोच्या नावे जमीन केली, ते लक्ष्मीमुक्ती गाव. त्यानंतर १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावावं. ज्या घरांनी संसार चांगला चालू असताना हे करून ठेवलं, त्या घरांतल्या बायकांना मोडतोडीच्या दिवसांत निदान उभं राहायला जागा होती. तुझ्या नावावर असं काही झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मिळवता येतं.

आता कामाचं. वकिलाकडे जाण्याआधी कागद गोळा कर. भांडण वाढलं की कपाटाची किल्ली आधी जाते.

जावईबापू वाळूजच्या कंपनीत आहेत. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, ओव्हरटाइम दिसणारं बँकेचं विवरण, भविष्यनिर्वाह निधीचा आकडा, आयकराचा फॉर्म १६, विम्याच्या पॉलिसी, पतसंस्थेतली ठेव, सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढ आणि माहेरच्या एखाद्या भरवशाच्या माणसाला पाठवून ठेव. मूळ कागद त्यांचे असतील तर ते तिथेच राहू देत, चोरी करायची नाही. ज्यांचा नवरा रिक्षा चालवतो, दूध घालतो, हॉटेल चालवतो, त्यांना चिठ्ठी मिळत नाही. त्यांनी खर्च टिपावा: गाडीचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी, घरभाडं, भिशी. महिन्याला एवढा खर्च होतो म्हणजे महिन्याला एवढं येतं, हे न्यायाधीशांना समजतं.

जमिनीचं मला जास्त कळतं, म्हणून इथे जरा थांबते. आपल्या हर्सूलमध्ये, जटवाडा रस्त्याला, सगळीकडे गटातल्या जमिनींचे तुकडे पडून प्लॉट झाले. त्यातले कितीतरी गुंठेवारीचे, शंभराच्या बॉण्डवर लिहून घेतलेले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने काही नियमित झाले, काही अजून तसेच आहेत. "आमचा हर्सूलला प्लॉट आहे" असं सासरची माणसं दहा वर्षं सांगतात आणि खटला उभा राहिला की "तो तर नुसता बॉण्ड आहे, नावावर कुठंय?" असं म्हणतात. तेव्हा आधी बघून घे, काय नावावर आहे आणि काय नुसतं तोंडावर. शेतीचा सातबारा आणि आठ-अ घे. शहरातल्या जागेची मिळकत पत्रिका आणि महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती घे. नोंदणी झालेली असेल तर दुय्यम निबंधकाकडून सूची दोनची प्रत काढ, त्यात खरेदी कुणी कुणाकडून किती रुपयांना केली ते दिसतं. बॉण्ड असेल तर त्यावरचे साक्षीदार कोण, ते लिहून ठेव.

सातबाऱ्यावर शेजारी 'इतर अधिकार' असा रकाना असतो. बायका मालकाचं नाव वाचून कागद घडी घालून ठेवतात, तो रकाना वाचत नाहीत. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, कुळ, बहिणींचे हक्क, सगळं तिथे असतं. मालकाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव असलं आणि या रकान्यात बँकेचा दहा लाखांचा बोजा असला, तर ती जमीन वाटून घेण्यात अर्थ उरत नाही. फेरफार क्रमांक बघ आणि ते फेरफार काढून वाच. गेल्या वर्षभरात जमीन भावाच्या नावे केली असेल तर तिथेच सापडेल. आणि सातबारा हा महसुली कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही, तेव्हा त्यामागचा दस्त शोधायचाच.

वडिलोपार्जित शेतीत नवरा जिवंत असेपर्यंत बायकोला उठून वाटणी मागता येत नाही. हे कडू आहे, पण खरं आहे. लेकरांचं तसं नाही. बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा आणि मुलीचाही हक्क जन्माने येतो आणि आईबापांचा घटस्फोट झाला म्हणून तो जात नाही. तडजोडीच्या मसुद्यात "मुलांचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही" असं वाक्य कुणी घुसडलं, तर पेन खाली ठेव. बाकी सगळं जमलेलं असलं तरी ठेव.

आता सोन्याचं. तुझ्या बाबतीत खरा वाटा इथे आहे असं मला वाटतं. लग्नात दादाने घातलेलं, सासरच्यांनी घातलेलं, ओटीत आलेलं, हे सगळं तुझं स्त्रीधन. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन बायकोचंच राहतं, नवऱ्याकडे ते नुसतं सांभाळायला असतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा म्हटलं की ते नवरा-बायकोचं सामाईक होत नाही; अडचणीत वापरलं तरी परत करणं नवऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून आज रात्री बस आणि एकेक दागिना आठवून लिही. गंठण किती तोळ्यांचं, एकदाणी कुणी दिली, पाटल्या कुणाच्या, अंगठी कोणत्या दिवाळसणाची. लग्नाचे फोटो समोर ठेव, त्यात गळ्यात काय आहे ते दिसतं. सराफ्यातल्या पावत्या वहिनीच्या ट्रंकेत असतील, नसतील तर त्याच दुकानातून जुन्या बिलांची प्रत मिळते का ते विचार.

त्या यादीत शेवटी एक वेगळा भाग कर. 'मोडलेलं' असं लिही. पाटल्या मोडून प्लॉटचा इसार दिला, बोरमाळ मोडून मोटारसायकल घेतली. तुझ्या वयाच्या बायका हे विसरतात, कारण तेव्हा ते संसारासाठी आनंदाने दिलेलं असतं. कोणत्या महिन्यात मोडलं, कुठे मोडलं, पैसे कुणाच्या खात्यात गेले, ते लिही. प्लॉट त्यांच्या नावावर असला तरी त्यात तुझ्या सोन्याचे पैसे आहेत, हे तडजोडीच्या टेबलावर कागदावर दिसलं पाहिजे. माझ्या माहितीतली इथलीच एक बाई अशी यादी घेऊन बसली होती. सासरे तावातावाने बोलत होते. तिने पाच तोळ्यांच्या मोडीची सराफाची चिठ्ठी आणि त्याच आठवड्यातली इसार पावती शेजारी शेजारी ठेवली. बोलणं तिथून बदललं. तिला प्लॉटचा निम्मा भाग मिळाला, तोही न्यायालयात साक्षीला उभं न राहता.

न्यायालयात गेल्यावर दोघांनाही आपापल्या मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागतं. हा नियम नागपूरच्या एका खटल्यातून आला, रजनेश विरुद्ध नेहा. तिथल्या कुटुंब न्यायालयाने बायकोला महिना १५,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली होती. ते भांडण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० ला निकाल लागला. बाई २०१३ मध्ये घराबाहेर पडली होती. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकालात काढावा असं कायद्यात लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात गेली सात वर्षं. म्हणून न्यायालयाने देशभरासाठी शपथपत्राचा नमुनाच घालून दिला: पगार, इतर उत्पन्न, घरं, जमीन, गाड्या, कर्ज, कुणाचा खर्च किती. आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नाही, हेही ठरवलं. म्हणून अर्ज लांबवू नकोस. ज्या दिवशी अर्ज, त्या दिवसापासून मोजणी.

या शपथपत्रात तूही खरं लिही. शिकवणीचे पैसे, शिवणकामाचे पैसे, बचत गटातली ठेव, सगळं. कमावत्या बायकोलाही पोटगी मिळते, तिचं उत्पन्न त्याच राहणीमानाला पुरतं का एवढं बघतात. लपवलेलं उघडं पडलं की मग तुझ्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास उरत नाही. शिवाय पोटगीची कलमं, २४ आणि २५, नवरा किंवा बायको दोघांनाही लागू आहेत. उच्च न्यायालयाच्या आपल्या इथल्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये नांदेडचं एक प्रकरण निकालात काढलं. लग्न १९९२ चं, घटस्फोट २०१५ चा, बाई शिक्षिका, नवऱ्याला उत्पन्न नाही. तिने त्याला महिना ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी हा नांदेडच्या न्यायालयाचा हुकूम खंडपीठाने कायम ठेवला. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. मला त्यात गैर वाटत नाही. ज्याला गरज आहे आणि ज्याच्याकडे देण्याची ऐपत आहे, एवढंच बघायला हवं.

किती मागावं, हे तू विचारलंस. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हातात येणाऱ्या पगाराच्या पंचवीस टक्क्यांचा आकडा न्याय्य म्हटला होता. तेव्हापासून लोक तो नियमासारखा सांगतात. तो नियम नाही. तुमचं लग्न किती वर्षांचं, तू नोकरी का सोडलीस, लेकरं कुणाजवळ, जावईबापूंचे आईवडील त्यांच्यावर अवलंबून आहेत का, हे सगळं बघतात. तू खर्चाचा कागद कर: भाडं, किराणा, गॅस, फी, रिक्षा, दवाखाना. त्यातला तुझा आणि लेकरांचा भाग वेगळा मांड. फुगवू नकोस. सहा हजारांचं भाडं दहा लिहिलंस, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हर्सूल टी पॉइंटजवळच्या भाड्याच्या पाट्यांचे फोटो आणून ठेवेल. आणि जावईबापूंची नोकरी खरंच गेली असेल, तर ते तू मान्य कर. हुकूम पुढे बदलून घेता येतो, वाढवूनही आणि कमी करूनही.

पोटगीचा दुसरा रस्ता फौजदारी न्यायालयातला. पूर्वी त्याला कलम १२५ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. तू जिथे राहतेस तिथेच अर्ज करता येतो, त्यांच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. हा रस्ता फसवल्या गेलेल्या बाईलाही खुला आहे. आपल्याच खंडपीठातून २०१३ मध्ये एक प्रकरण दिल्लीला गेलं होतं. माणसाने पहिलं लग्न लपवून दुसरं केलं आणि मग पोटगी टाळायला म्हणाला, ही माझी कायदेशीर बायकोच नाही. पोटगी किती? तिला १,००० आणि मुलीला ५०० रुपये महिना. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, स्वतःच्या लबाडीचा फायदा त्याला घेता येणार नाही. या कलमापुरती ती बायकोच.

आणि शेजारच्या गल्लीतली तुझी मैत्रीण, जिचा नवरा "मी तोंडी तलाक दिला, विषय संपला" म्हणतो, तिलाही सांग. २००२ मध्ये इथेच, या शहरात, उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पठाण खटल्यात सांगितलं की तलाक दिला असं नुसतं म्हणून भागत नाही, तो कारणासह आणि समेटाचे प्रयत्न करून दिला हे सिद्ध करावं लागतं. मेहर तिची आहेच. मुस्लिम महिलांसाठीच्या १९८६ च्या कायद्याखाली इद्दतच्या मुदतीत पुढच्या आयुष्याचीही रास्त तरतूद करून द्यावी लागते, हे २००१ मध्ये ठरलं. आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की १२५ चा रस्ता मुस्लिम बायकांनाही मोकळाच आहे.

हुकूम झाला आणि पैसे आले नाहीत, तर काय? मराठवाड्यात भांडणात माणसं "तुला हर्सूलला पाठवीन" म्हणतात, कारण आपल्या गावाची ओळख बाहेर मध्यवर्ती कारागृहाची. पोटगी थकवली तर तुरुंग होतो, हे खरं आहे: एकेका महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत. पण नवरा आत बसला म्हणून देणं फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगून ठेवलं आहे. आणि तो आत असताना कमाई बंद, लेकरांची फी बंद. मी तरी बायकांना आधी पगारातून कपात मागायला सांगायचे. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश सोडून बाकीचा जप्त होऊ शकतो. कंपनीच्या आस्थापना विभागाला न्यायालयाचा हुकूम गेला की पैसे सरळ खात्यात येतात, माणसाच्या मर्जीवर राहत नाहीत. एक मुदत मात्र दारामागे लिहून ठेव: १४४ खालची थकबाकी वसूल करायचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. "देईल, देईल" म्हणत वर्ष उलटलं की त्या महिन्याचं वॉरंट निघत नाही.

जमीनवाल्याकडून वसुली करायची असेल तर आणखी एक हत्यार आहे आणि वकील ते क्वचित सांगतात. कलम २५ मध्येच लिहिलं आहे की न्यायालय पोटगीचा बोजा समोरच्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवू शकतं. तो हुकूम घेऊन तलाठ्याकडे जा, इतर अधिकाराच्या रकान्यात नोंद लावून घे. त्यानंतर ती जमीन घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी ती ओळ वाचेल आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय इसार देणार नाही. मी अशा नोंदी घेतल्या आहेत. त्या एका ओळीने जे काम केलं, ते किती नोटिसांनी झालं नव्हतं.

तुमचं परस्पर संमतीने होईल असं दिसतं आहे, आणि होत असेल तर तसंच करा. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग सहा महिने थांबणं. २०१७ पासून न्यायालय तो काळ परिस्थिती बघून माफ करू शकतं. या दोन सह्यांच्या मधल्या काळात सगळं देणंघेणं होतं, म्हणून तिथे डोळ्यांत तेल घालून राहा. निम्मी रक्कम पहिल्या सहीला, उरलेली दुसऱ्या सहीच्या दिवशी, बँकेच्या डिमांड ड्राफ्टने. पुढच्या तारखेचे धनादेश घेऊन शेवटची सही करू नकोस. सोनं घ्यायचं तर न्यायालयाच्या आवारात, यादीवर खूण करत, वजन करून.

घर किंवा प्लॉट तुझ्या नावे व्हायचा असेल तर तो निकालाआधी कर. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला किंवा लेकरांना राहतं घर अथवा शेती बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. शहरात वर अधिभार किती, ते दुय्यम निबंधकाकडे विचारून घे. एकदा हुकूमनामा झाला की तू बायको राहत नाहीस आणि ही सवलतही राहत नाही. घरावर कर्ज असेल तर तुमच्या दोघांच्या करारात "हप्ते नवरा भरील" असं लिहून बँक बांधली जात नाही. सहकर्जदार म्हणून तुझं नाव असेल, तर हप्ता थकला की बँक तुझ्याच दारात येईल. नाव काढल्याचं बँकेचं पत्र हातात घे, मगच सही.

एकरकमी घ्यावं की दरमहा? खासगी नोकरी, पिण्याची सवय, दुसरं लग्न करायची घाई, यातलं काही असेल तर एकरकमी घे. सरकारी नोकरी किंवा निवृत्तिवेतन असेल तर दरमहाचं चालतं, पण त्यात दरवर्षी किती टक्के वाढ ते लिहून घे, नाहीतर पाच वर्षांनी त्याच आकड्यात निम्माही किराणा येत नाही. लेकरांचा भाग वेगळा ठेव, शिक्षण संपेपर्यंत असं लिही. आणि "यापुढे पोटगी मागणार नाही" हे तू स्वतःपुरतं लिहून दिलंस तरी लेकरांच्या वतीने लिहू नकोस, ते तुझं नाहीच सोडायला.

दादा, आता हे तुझ्यासाठी. ही पोरगी एकरकमी पैसे घेऊन घरी येईल. त्या पैशांवर घराचा मजला चढवायचा नाही, धाकट्याच्या दुकानात ते घालायचे नाहीत, "आपलेच तर आहेत, वर्षात देतो" असंही म्हणायचं नाही. माहेरी परतलेल्या लेकीची रक्कम माहेरीच जिरलेली मी खूप पाहिली आहे, आणि त्यात वाईट मनाचं कुणीही नव्हतं. तिच्या एकटीच्या नावे ठेव कर, लेकरांच्या नावे वेगळी. आणि आपल्या शेताच्या वाटणीत तिच्याकडून हक्कसोडपत्र घेऊ नकोस. महाराष्ट्राने १९९४ मध्येच लेकींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला. २००५ मध्ये तो देशभर आला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने लग्न झालेली, न झालेली, बाप हयात असो नसो, सगळ्यांना सारखा झाला. दिवाळीच्या साडीवर तिची सही घेतली जाऊ नये, एवढं बघ.

पोरी, खर्चाची भीती बाळगू नकोस. बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. अदालत रोडला जिल्हा न्यायालयात त्यांची कचेरी आहे, फोन १५१००. पोटगी, घटस्फोट आणि नवरा-बायकोतला मालमत्तेचा वाद यांत महाराष्ट्रात बायकांना १९९४ पासून न्यायालय शुल्क माफ आहे. राहत्या घरातून काढत असतील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे संसार केला असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो. कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात. त्यांच्यासमोर कागद घेऊन बस, आणि जावईबापूंना 'तुम्ही' म्हणूनच बोल. हिशेब मांडताना अपमान मध्ये आला की समोरचा आकड्यांवरून हटतो आणि मग दोन वर्षं जातात.

हुकूमनामा झाला की त्याच आठवड्यात नक्कल विभागात अर्ज टाकून प्रमाणित प्रती चार-पाच घे. एक बँकेला, एक तलाठ्याला, एक लेकरांच्या शाळेत, एक रेशन कार्डासाठी लागते. विमा आणि बँक खात्यावरचं तुझं वारस नामनिर्देशन बदल, गॅसचं पुस्तक तुझ्या नावावर घे. मूळ प्रत प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून माझ्याकडे पाठव, माझ्या कपाटात राहील. आणि सोमवारी सकाळी दागिन्यांची यादी घेऊन इकडे ये, आपण बसून वजनं भरू.